यादीतलं शेवटचं नाव

चष्म्याच्या दुकानात शेजारच्या स्टुलावर बसलेल्या माणसानं नुसती मान वळवली आणि म्हणाला, "मास्तर, अक्षर मात्र अजून तस्संच आहे हं तुमचं. मोत्याचा दाणा." मास्तर हसले. अक्षराची कुणी तारीफ केली की ते आधी हसत आणि मग कोण बोललं ते बघत, ही त्यांची जुनी खोड. तेवढ्यात दुकानदारानं त्यांच्या नाकावर लोखंडी सांगाडा चढवला, त्यात भिंगं सरकवली आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मोठी अक्षरं वाचून झाली, मधली वाचून झाली, बारीक ओळीपाशी ते अडखळले. दुकानदारानं भिंग बदललं. भिंग बदलताना मधे जो क्षणभर नुसता धूर दिसतो, त्या धुरात मास्तरांच्या मनात आलं, की यानं माझं अक्षर पाहिलं कुठे? सांगाडा काढून त्यांनी शेजारी पाहिलं तेव्हा स्टूल रिकामं होतं. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशाला एकच पेन, पन्नाशीच्या आतबाहेरचा चेहरा, एवढंच आठवत होतं. असे चेहरे शहरात पैशाला पासरी मिळतात. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणाला, "तुमच्याबरोबरच आले ना ते? मला वाटलं तुमचेच कुणी."

रस्त्यावर आल्यावर ऊन एकदम अंगावर आलं. जुना चष्मा मापासाठी दुकानातच ठेवून घेतला होता, नवा संध्याकाळी मिळणार होता, त्यामुळे समोरचं सगळं जरा पुसट होतं. बसचे नंबर, दुकानांच्या पाट्या, माणसांची तोंडं. मास्तर भिंतीच्या कडेकडेनं चालू लागले आणि मनाशी हिशेब जुळवू लागले. मास्तर म्हणायचं ते केवळ लोक म्हणतात म्हणून, एरवी त्यांनी आयुष्यात एका पोरालाही शिकवलेलं नव्हतं. शेतकऱ्यांच्या संघटनेच्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. निवेदनं, पत्रकं, सभांची इतिवृत्तं, सगळं हातानं लिहिलं. गेली दोन वर्षं मात्र कचेरीत एक कॉम्प्युटरवाली मुलगी आली होती आणि मास्तरांच्या हाताला काही काम उरलं नव्हतं. घरात तर किराण्याची चिठ्ठीसुद्धा बायकोच लिहायची, कारण मास्तर 'अर्धा किलो' एवढं लिहायलाही पाच मिनिटं लावतात असं तिचं म्हणणं होतं. म्हणजे दोन वर्षांत त्यांच्या हातून फक्त एकच कागद लिहून झाला होता. मंगळवारी. येत्या सोमवारच्या धरण्याची यादी. त्या माणसाच्या बोलण्यातलं 'अजून' हे त्या यादीवरूनच आलं असणार. मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

यादीची पद्धत संघटनेइतकीच जुनी. धरणं असो, मोर्चा असो, रस्ता अडवणं असो, जे अटक करून घ्यायला तयार असतील त्यांची नावं आधीच एका कागदावर लिहायची आणि तो कागद आपल्या पायानं चालत पोलीस ठाण्यात नेऊन द्यायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं कशाला, असं भाऊ म्हणायचे. भाऊ म्हणजे अध्यक्ष. तेव्हा ते अध्यक्ष नव्हते, कचेरीच्या फरशीवर पेपर अंथरून झोपणारे साधे भाऊ होते. बाकीच्या पक्षांचे लोक हसायचे. म्हणायचे, जगात कुठली माणसं स्वतःच्या अटकेचं आमंत्रण सुवाच्य अक्षरात लिहून देतात? पण यादीचं खरं काम नंतर कळायचं, सुटकेच्या वेळी. मास्तर स्वतः सुटले की ठाण्याच्या फाटकापाशी यादीची दुसरी प्रत घेऊन उभे राहायचे आणि बाहेर येणाऱ्या एकेकाच्या नावापुढे खूण करायचे. एकदा एकशे बारा माणसं आत गेली आणि एकशे अकरा बाहेर आली. एक म्हातारा कमी. ठाण्यातले म्हणाले, असा कुणी आमच्याकडे आलाच नाही. भाऊ फाटकात आडवे झोपले. यादीतला माणूस मिळाल्याशिवाय हलणार नाही, म्हणाले. सुटलेली एकशे दहा माणसं घरी न जाता त्यांच्यामागे रस्त्यावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारा सापडला, मागच्या कोठडीत, ओठ फुटलेला. कागदावर नाव नसतं तर तो कुठे सापडला असता देव जाणे. त्या दिवसापासून लोक आपलं नाव घाला म्हणून मास्तरांच्या मागे लागायचे. नाव लिहिलं म्हणजे जिवाची काळजी मिटली, इतका त्या कागदावर भरवसा. आणि आणखी एक रीत होती, ती कुणी ठरवलेली नव्हती. सगळी नावं संपली की शेवटी मास्तर स्वतःचं नाव लिहायचे. ज्यानं यादी लिहिली तो यादीबाहेर राहिला तर ते बरं दिसत नाही, एवढंच त्यांना वाटायचं. ठाण्यातला जमादार यादी हातात घेतली की आधी तळाशी बघायचा आणि म्हणायचा, "आलात का? बसा, चहा घ्या." तो चहा इतका गोड असायचा की मास्तरांच्या दाताला मुंग्या यायच्या.

संघटना पुढे तीनदा फुटली. पहिल्यांदा फुटली तेव्हा मास्तर रडले होते. दुसऱ्यांदा नुसते जेवले नाहीत. तिसऱ्यांदा फुटली ते त्यांना चार दिवसांनी वर्तमानपत्रात वाचून कळलं, आणि ते कचेरीतच बसलेले होते. दर वेळी जाणारे म्हणायचे भाऊ विकले गेले आणि भाऊ म्हणायचे जाणारे विकले गेले, आणि दोन्हीकडचे लोक मास्तरांना म्हणायचे, तुम्ही मात्र आमच्यातच आहात बरं का. मास्तर जिथे कागदांचं कपाट होतं तिथे राहिले. मग भाऊ एका सरकारी समितीवर गेले, मग दुसऱ्या. टायरच्या दुकानावरची दोन खोल्यांची कचेरी सोडून संघटना काचेच्या इमारतीत आली. गाद्या गेल्या, खुर्च्या आल्या. मग बटाट्याचं जुनं बाजार आवार बंद होणार असं ऐकू आलं. आता माल घ्यायचा तो एका कंपनीच्या गोदामांनी, आणि ज्यांची कंपनीकडे नोंदणी असेल त्यांचाच. कंपनीच्या सल्लागार मंडळावर शेतकऱ्यांचा प्रतिनिधी म्हणून भाऊंचं नाव छापून आलं तेव्हा मास्तरांनी ते दोनदा वाचलं. आत राहून लढायचं, भाऊ म्हणाले. मास्तरांनी मान हलवली. आयुष्यभर मान हलवलेल्या माणसाची मान आपोआपच हलते.

आवार बंद करू नका म्हणून गोदामाच्या फाटकावर सोमवारी बसायचं हे यंदा गावांनीच ठरवलं, संघटनेनं नाही. संघटनेनं पत्रकही काढलं नाही. पण नावं मात्र सवयीप्रमाणे मास्तरांच्या फोनवर आली. दुसरीकडे कुठे देणार? नावं मास्तरांकडे द्यायची असतात हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. अक्कानं तर स्वतः फोन करून अकरा जणांची नावं सांगितली आणि वर दम दिला, "पहिलं माझं घाल. मागच्या वेळी मला सातवं टाकलंस." अक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण, बाहत्तर वर्षांची. नवऱ्यामागे तिनं एकटीनं शेत केलं, अजून बटाट्याच्या सरीत सकाळी सगळ्यांच्या आधी हजर असते. मास्तरांचं अक्षर खरं तिचं. आई शेतात असायची तेव्हा अक्का त्यांना ओसरीवर बसवून, त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवून, राखेत अक्षरं गिरवून घ्यायची. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि त्यांची चालू राहिली, कारण दोघांना पाठवायला घरात तेवढे हात नव्हते. मोठेपणी मास्तर एखादं अक्षर लिहिताना हात सैल सोडत तेव्हा त्यांना वाटायचं, अजून वर कुणाचा तरी हात आहे.

मंगळवारी त्रेचाळीस नावं झाली. चव्वेचाळीस आकडा घालून मास्तर स्वतःचं नाव लिहिणार एवढ्यात भाऊ मागे येऊन उभे राहिले. "तुझं नको रे आता. गुडघे बघ तुझे. कचेरी सांभाळायला कुणी पाहिजे की नको?" आणि मग, "ठाण्यातही जाऊ नकोस. साहेब माझ्या ओळखीचे आहेत, मीच देतो. आण इकडे." मास्तरांनी चव्वेचाळीस आकडा हलकेच खोडला आणि कागद दिला. कागद देताना त्यांना हलकं वाटलं होतं. ही गोष्ट पायरीवर बसल्या बसल्या आठवली तेव्हा त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की त्यांनी आजूबाजूला पाहिलं, कुणाला दिसली तर नाही ना. गुडघे दुखायचे हे खरं. पण हलकं वाटलं ते गुडघ्यांमुळे नव्हे. भीती वाटत होती. या वेळी काहीतरी वेगळं आहे हे त्यांना तेव्हाच कळलं होतं आणि कळूनही त्यांनी कागद पुढे केला होता.

कचेरीत कॉम्प्युटरवाली मुलगी डबा खात होती. "ती मंगळवारची यादी कुठे आहे गं?" मास्तरांनी विचारलं. "कुठली? ती हातानं लिहिलेली? ती मी त्याच दिवशी पाठवली, काका," ती घास गिळत म्हणाली. "भाऊंनी तीन पत्ते दिले होते. ठाणं, कंपनी आणि नोंदणी खातं. अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं! मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवलाय." तिच्या बोलण्यात काही नव्हतं. तिच्या मते तिनं तीन ठिकाणी एक कागद पाठवला होता आणि खरंच तेवढंच तिनं केलं होतं. मास्तर आत भाऊंच्या खोलीत गेले. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी दार वाजवलं नाही.

"ये, बस," भाऊ म्हणाले. भाऊंचे केस आता पूर्ण पांढरे झाले होते आणि ते त्यांना शोभत होते. "चष्मा कुठे तुझा?"

"यादी कंपनीला का दिली?"

भाऊंनी उसासा टाकला. तो उसासा खोटा नव्हता, हेच वाईट. "अरे, सोमवारी काय झालं असतं? डोकी फुटली असती. तुझी अक्का बाहत्तर वर्षांची आहे. त्यापेक्षा आधी घरी जाऊन दोन शब्दांत समजावलेलं काय वाईट?"

"कोण समजावणार?"

"ठाण्याची माणसं, कंपनीची माणसं. आता सगळे मिळूनच काम करतात रे. जुने दिवस गेले." भाऊ पुढे झुकले. "आणि मला सांग, यादी असते कशासाठी? ठाण्यात देण्यासाठीच ना? जन्मभर तू दिलीस. एकदा मी दिली तर एवढं काय बिघडलं?"

फरक होता, ढळढळीत होता, पण तो मास्तरांच्या जिभेवर येईना. फाटकात आडवा झोपलेला तरुण भाऊ आणि हा समोर बसलेला भाऊ, दोघांचा आवाज तोच होता. चष्मा नसल्यामुळे चेहरा पुसट दिसत होता, आणि त्या पुसट चेहऱ्यात मास्तर जुनं काही दिसतंय का ते शोधत राहिले. "जा, घरी जा," भाऊ मायेनं म्हणाले. "चहा घे, पड जरा. तुझं नाव कुठे येणार नाही, ते मी बघितलंय."

घरी येऊन त्यांनी अक्काला फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला. बायको चहा घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ती त्यांच्या चहात मोजून अर्धा चमचा साखर घालायची, आणि हे घराबाहेर कुणाला सांगायचं नाही अशी मास्तरांची अट होती, कारण लोकांनी कीव केलेली त्यांना खपत नसे. "तोंड असं का पडलंय?" तिनं विचारलं. "उन्हानं," ते म्हणाले. तिचा विश्वास बसला नाही, पण तीस वर्षांच्या संसारात कुठे खणायचं आणि कुठे नाही हे तिला कळलेलं होतं. मास्तर खिडकीशी बसले. खाली गल्लीत एक मोटार बराच वेळ उभी होती. ती शेजाऱ्यांच्या पाहुण्यांची असेल. चोराच्या मनात चांदणं, असं ते स्वतःला म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की म्हणजे चोर आपण. आई एक म्हण वापरायची, घरातलाच कुणी घराच्या मुळावर उठला की: कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लहानपणी त्यांना ती म्हण कळायची नाही. दांड्याचा काय दोष, असं त्यांनी एकदा अक्काला विचारलं होतं. दांडा काही आपण होऊन झाड तोडत नाही. अक्का म्हणाली होती, पण लाकूड आहे ना तो, त्याला ठाऊक नको?

पाचच्या सुमाराला तिचाच फोन आला.

"दोन माणसं येऊन गेली," अक्का म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त हळू. "चांगलं बोलत होती. आजी म्हणत होती मला. म्हणे, सोमवारी घरी बसा, नाहीतर गोदामाची नोंदणी जाईल, मग हे बटाटे कुणाला विकणार? काढणीला आठ दिवस राहिलेत, म्हणे. त्यांना आठ दिवससुद्धा ठाऊक होते."

"अक्का..."

"ऐक आधी. खालच्या आळीतल्या ट्रॅक्टरवाल्याला सकाळीच घेऊन गेले. त्याची बायको ठाण्यात जाऊन आली. असा कुणी आमच्याकडे आलाच नाही म्हणाले. मी त्या दोघांना विचारलं, माझं नाव तुम्हाला सांगितलं कुणी? तर एकानं कागद काढून दाखवला."

मास्तरांनी डोळे मिटले. पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"पहिलं नाव माझंच होतं. सांगितलं तसं घातलंस. मी म्हटलं, असेल, यानं ठाण्यात दिली असेल रिवाजाप्रमाणे, तिथून गेली असेल कुठे. म्हणून मी तळाशी बघितलं. तिथे नुसता आकडा होता. खोडलेला."

ज्या प्रश्नाचं उत्तर त्यांना दुपारी भाऊंसमोर सापडलं नव्हतं, ते अक्कानं एका वाक्यात दिलं होतं. फरक तेवढाच होता. तळाच्या एका ओळीचा.

"गावात विचारतायत, यादी कुणी दिली म्हणून," अक्का म्हणाली. "मी सांगितलं नाही."

"का नाही सांगितलंस?"

"काय सांगू?" ती म्हणाली. "अक्षर माझं आहे म्हणून सांगू?" आणि तिनं फोन ठेवला.

मास्तरांनी कपाटातून कोरा ताव काढला, समास आखला. चष्मा नव्हता, डोळे कागदाला टेकतील इतके वाकून ते लिहू लागले. त्रेचाळीस नावं त्यांना तोंडपाठ होती. पस्तिसावं नाव ट्रॅक्टरवाल्याचं, ती ओळ जरा वाकडी आली. मग चव्वेचाळीस. त्यापुढे आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, गावासकट. शाई वाळेपर्यंत ते थांबले. बायको दारात उभी होती. "कुठे निघालात?" "ठाण्यात," ते म्हणाले, "यादी द्यायला," आणि इतक्या दिवसांनी हे वाक्य तोंडातून गेल्यावर त्यांना इतकं बरं वाटलं की जिना उतरताना गुडघे दुखल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. आता माझं नावही आत आहे. आता फाटकाशी उभं राहून ट्रॅक्टरवाला मागता येईल. नाही दिला तर आडवं झोपता येईल. भाऊला जमलं होतं, मग मला का जमू नये?

ठाणं रंगवून नवं केलं होतं. जमादाराच्या जुन्या लाकडी मेजाच्या जागी काचेचा काउंटर होता आणि त्यामागे एक तरुण शिपाई. मास्तरांनी कागद काचेखालून सरकवला. शिपायानं तो अदबीनं दोन्ही हातांनी घेतला.

"ही आहे आमच्याकडे, काका."

"पूर्ण नाही. शेवटचं नाव राहिलंय. ते घाला. आणि पस्तीस नंबरचा माणूस आज सकाळी तुम्ही आणलाय, तो मला दाखवा."

शिपायानं पस्तीस नंबरकडे पाहिलंही नाही. त्यानं मास्तरांचं नाव एकेक अक्षर बघत कॉम्प्युटरवर टाइप केलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं. "तुमचं नाव आहे की! या यादीत नाही, दुसरीत आहे."

"कसल्या दुसरीत?"

"सहकार्य करणाऱ्यांच्या." त्यानं कौतुकानं सांगितलं. "तिच्यात तुम्ही पहिले आहात. मग दोन्हीकडे कशाला, काका?" त्यानं पट्टी घेतली, चव्वेचाळीसच्या ओळीवर ठेवली आणि सरळ रेघ मारली. कागदाच्या कोपऱ्यावर आजच्या तारखेचा शिक्का मारून तो त्यानं एका जाड फायलीत ठेवला. "तुमच्याच हातची दुसरी प्रत. बरं झालं. पहिली जरा फिकी आली होती."

"पस्तीस नंबर," मास्तर म्हणाले. "पस्तीस नंबरचा माणूस मिळाल्याशिवाय मी हलणार नाही."

"असा कुणी आमच्याकडे आलाच नाही, काका."

ते मागे फिरले. फाटकापर्यंत जायचं, तिथे आडवं व्हायचं, एवढंच डोक्यात होतं. पण आतल्या खोलीचं दार उघडलं आणि इस्त्रीच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टातला एक माणूस बाहेर आला. मास्तरांना त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण खिशाचं पेन दिसलं. त्याच्या हातात चष्म्याची नवी डबी होती.

"तुम्ही विसराल म्हणून घेऊन आलो," तो म्हणाला. "बसा ना मास्तर. एवढ्या उन्हातून चालत आलात." त्यानं खांद्यावर हलका हात ठेवला आणि त्यांना बाकावर बसवलं. डबी उघडून चष्मा त्यांच्या नाकावर त्यानंच चढवला. सगळं लख्ख दिसू लागलं. भिंतीवरचं घड्याळ, फायलींवरचे नंबर, मागच्या कोठडीकडे जाणारा लांब बोळ, बोळाच्या तोंडाशी एकच पडलेली चप्पल, टाचेला बटाट्याच्या शेतातली माती लागलेली.

कुणीतरी चहा आणून त्यांच्या हातात दिला. मास्तरांनी एक घोट घेतला. साखर अर्धा चमचा होती.